उजनीवरचा हंगाम आवरताना: होड्या, शिडं, इंजिन आणि पावसाळ्याचा मुक्काम

भीमाकाठ
नमस्कार मंडळी. हंगाम आवरायचा धागा उघडतोय. शिडाच्या होड्यांचा ताफा नेहमीचाच: आठ ऑप्टिमिस्ट (पोरांच्या छोट्या होड्या), चार लेझर (आता आयएलसीए म्हणतात, इथे लेझरच म्हणू), दोन एंटरप्राइझ (सगळ्यांत जड), आणि शिवाय १५ हॉर्सपॉवर टू-स्ट्रोकवाली रेस्क्यू बोट. टेंभुर्णीच्या बाजूच्या काठावरून सगळं चिंचोळीच्या शेडमध्ये न्यायचं आणि पाणी चढेपर्यंत तिथेच ठेवायचं.

ठरवायचं ते असं. होड्या नेमक्या कधी काढायच्या? धुवायला पाणी कुठलं आणि किती? आणि शेड पत्र्याची आहे, मे महिन्यात आत उभं राहवत नाही, जूनमध्ये एका कोपऱ्यात गळतं. तिथे काय कसं ठेवायचं? ज्याला ज्यातलं कळतं त्याने त्यावरच लिहा. नुसतं "छान माहिती" नको.

उभा वारा
तारखेवर जाऊ नका, पातळीवर जा. धरण शंभर टक्के असतं तेव्हा पातळी ४९६.८३ मीटर, आणि जिवंत साठा शून्यावर येतो तेव्हा ४९१.०३. फरक फक्त ५.८ मीटरचा. पण काठ पसरट आहे. जिथे उतार शंभराला एक आहे तिथे उभं एक मीटर पाणी उतरलं की काठ आडवा शंभर मीटर मागे जातो.

शून्याखालीही ६३.६६ टीएमसी मृतसाठा असतो, म्हणून मधोमध पाणी भरपूर दिसतं आणि नवीन पालक विचारतात, "पाणी हाय की ओ, बंद कशाला?" अडचण मधोमध नाही, काठावर आहे. पाणी मागे गेलं की खाली राहतो तो गाळ. वरून वाळून भेगाळलेला, आत लोण्यासारखा. होडी वाहायच्या ट्रॉलीचं चाक वरचा थर फोडतं आणि आसापर्यंत आत जातं. मग लोक होडी गनेलला (वरच्या कडेला) धरून ओढतात आणि तिथेच डेक (वरचा भाग) आणि हल (खालचं अंग) यांचा सांधा उघडतो.

माझं मत: जिवंत साठा २० टक्क्यांच्या आसपास आला की एंटरप्राइझ आधी काढा. नुसतं हल नव्वद किलोच्या वर आहे, गाळातून ती चौघांना आवरत नाही. मग लेझर, मग ऑप्टिमिस्ट. रेस्क्यू बोट सगळ्यांत शेवटी. शेवटची शिडाची होडी काठाला लागेपर्यंत तिने पाण्यातच राहायचं. रोजचा टक्का पेपरात येतोच. एखाद्या वर्षी हे सगळं फार लवकर येतं. २०२३ च्या पावसात धरण भरलंच नाही आणि २०२४ च्या जानेवारीतच साठा मायनसमध्ये गेला होता. त्यामुळे "एप्रिलअखेर बघू" हा ठराव दर वर्षी लागू पडत नाही.

टिलरताई
पातळीबरोबर वळीवही धरा. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून दुपारी ढग उभे वाढायला लागले की पाण्यावर कुणी नको. क्रम ओळखीचा असतो: दिवसभराचा वारा अचानक पडतो, पाणी काचेसारखं होतं, मग भलत्याच दिशेकडून धुळीची भिंत दिसते. ती दिसल्यावर काठ गाठायला पाच-दहा मिनिटंही मिळत नाहीत. ऑप्टिमिस्टमधल्या दहा वर्षांच्या मुलाला तेवढ्यात काहीच करता येत नाही.

२१ मे २०२४ ला कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी बोट याच जलाशयात वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. बोट इंजिनाची होती, शिडाची नव्हती, तरी वाऱ्यापुढे चालली नाही.

म्हणून शेवटच्या आठवड्यांत फक्त सकाळचं सत्र. साडेसहाला पाण्यात, साडेनऊला बाहेर. गडगडाट ऐकू आला की थांबायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा उतरायचं नाही. काठावर उभ्या ठेवलेल्या अॅल्युमिनियमच्या डोलकाठ्यासुद्धा रोज काढून आडव्या ठेवा. उघड्या माळावर तीच सगळ्यांत उंच वस्तू असते, आणि वाऱ्याने होडी ट्रॉलीसकट पालथी पडते ते वेगळंच.

हिप्परगा
काढायच्या आठवड्यात पाण्याखाली काय वर येतं तेही लिहा की. बाभळीचे खुंट, जुन्या बांधांचे दगड, विहिरींचे कठडे. पाणी आणखी उतरलं की पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं, तिथे बघायला गर्दी होते. पण तेवढ्याच पातळीवर आपल्या बाजूचे दगड पाण्याच्या जेमतेम खाली असतात आणि दिसत नाहीत. डॅगरबोर्ड (होडीच्या मधून पाण्यात सरकवायची फळी) पूर्ण खाली असताना लेझर दगडावर आदळली तर बोर्डाचं टोक फुटतंच, पण खरा मार बोर्डाच्या घराच्या मागच्या कोपऱ्याला बसतो. तिथली चीर बाहेरून दिसत नाही, आणि पाणी हलमध्ये जातं. काठापासून शंभर मीटरच्या आत बोर्ड अर्धा वर घ्या, सुकाणू सैल सोडा.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. पाणी मागे गेलं की शेतकरी पंप पुढे सरकवतात. त्यांच्या केबली पाण्यातून, गाळातून जातात, जोड चिकटपट्टीचे असतात. पाणी उपसा चालू असताना त्या पट्ट्यात पोरांना पाण्यात उतरवून ट्रॉली धरायला लावू नका. आदल्या दिवशी आजूबाजूच्या पंपवाल्यांना भेटून वेळ ठरवा, ते तासभर मोटार बंद ठेवतात. त्यांनाही आपल्या सुकाणूत केबल अडकलेली नको असते.

भीमाकाठ
हे यादीत पहिल्या ओळीला घेतलं. गाळावरून ट्रॉली आणायला काय वापरायचं?

हिप्परगा
जुन्या कन्व्हेअर बेल्टचे तुकडे. साखर कारखान्याच्या भंगारात मिळतात. दीड फूट रुंद, दहा-बारा फूट लांब, असे चार. दोन चाकांखाली दोन, पुढे दोन, मागचे उचलून पुढे टाकत जायचं. प्लाय चालत नाही, गाळ चिकटून उचलताना कोपरे तुटतात. आणि ट्रॉलीच्या टायरात हवा कमी ठेवा, अंगठ्याने दाबलं की दबेल इतकीच.

टिलरताई
आता धुणं. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड, त्यात आपण होड्या धूत बसलो तर गल्लीतले लोक बोलणारच. शिवाय शहराचं बरंचसं पाणीही उजनीचंच. म्हणून पाइप नाही, बादली.

काठावरच पहिला हात: गाळ ओला असतानाच स्पंजने काढा. वाळला की तो बारीक वाळूच असतो, पुसताना गेलकोटवर (फायबरवरच्या चकचकीत थरावर) ओरखडे उठतात. हिरवट थर नरम ब्रशने जातो. दहा लिटरच्या बादलीत भांड्याचा साबण चहाचा एक चमचा, जास्त नको, नाहीतर फेस काढायलाच तिप्पट पाणी लागतं. ऑप्टिमिस्टला दोन बादल्या, लेझरला चार. हा हात जलाशयाच्याच पाण्याने दिला तरी चालतो, फक्त काठापासून आत जाऊन भरून आणा. काठाशी हिरवी शेवाळं साचलेली असतात. साबणाचं पाणी मात्र परत जलाशयात नको, लांब जमिनीवर ओता.

शेवटचा हात गोड पाण्याचा, आणि इथेच गफलत होते. शेडमधल्या बोअरचं पाणी जड आहे. वाळल्यावर पांढरा क्षार राहतो. हलवर राहिला तर पुसून टाकता येतो, पण ब्लॉकच्या (दोरीच्या कप्पीच्या) गोळ्यांत, कॅम क्लीटच्या (दोरी अडकवायच्या पकडीच्या) स्प्रिंगमध्ये राहिला की सप्टेंबरमध्ये ते हलत नाहीत आणि लोक म्हणतात "ब्लॉक खराब निघाला". ब्लॉक, क्लीट, शॅकल आणि शिडं एवढ्यांना नळाचं पाणी द्या. आधीच क्षार धरला असेल तर दहा भाग पाण्यात एक भाग पांढरं व्हिनेगर, वीस मिनिटं, मग स्वच्छ पाणी. संडास साफ करायचं अॅसिड कुणी आणलं तर हातातून काढून घ्या, अॅल्युमिनियमच्या काठीला ते खातं.

चादरगल्ली
शिडांचं मी सांगतो. शिडाचं कापड डॅक्रॉन, म्हणजे पॉलिएस्टरच, आणि पॉलिएस्टरला पाणी मारत नाही, ऊन मारतं. आपल्या उन्हात तर विचारूच नका. धुऊन झाल्यावर सावलीत दोरीवर, लफच्या (डोलकाठीकडच्या) कडेने टांगा. वाऱ्यात फडफडू देऊ नका. फडफडीने धाग्यावरचा रेझीनचा लेप तुटतो आणि कापड ढिलं पडतं. बॅटन (शिडाला ताठ ठेवणाऱ्या पट्ट्या) काढा, प्रत्येकावर होडीचा नंबर मार्करने लिहा, नाहीतर लेझरच्या बारा बॅटनांत तास जातो. शीड पूर्ण वाळल्यावर डोक्याकडून पायाकडे गुंडाळा. घडी नको. खिडकीच्या पारदर्शक पट्टीवर घडी पडली की पुढच्या हंगामात तिथूनच चिरते. गुंडाळीच्या आत पीव्हीसी पाइपचा तुकडा घातला तर ती चेपत नाही.

डॅगरबोर्ड आणि सुकाणूला जुन्या सोलापुरी चादरी गुंडाळायच्या. घराघरात पडून असतात, जाड असतात, धक्का खातात.

रेझीनकाका
चादरगल्ली, प्रवासात चादर उत्तम. चार महिन्यांच्या मुक्कामात नको. सुती चादर पावसाळ्यात ओल धरते आणि ती ओल गेलकोटला चिकटून राहते, मग फोड येतात. लाकडी बोर्ड असेल तर आणखी वाईट, वार्निशखाली काळं पडतं आणि वाळवीला आमंत्रण. शेडमध्ये पोचल्यावर चादरी सोडा आणि बोर्ड भिंतीवर उभे टांगा.

चादरगल्ली
मान्य. प्रवासापुरती चादर, शेडमध्ये उघडे. पण होडी बांधायच्या पट्ट्याखाली ठेवायला तिच्याइतकं चांगलं काही नाही, हे राहू द्या.

रेझीनकाका
राहू द्या की.

आता होड्यांकडे. धुऊन वाळवल्यावर पहिलं काम: प्रत्येक लेझरचा ड्रेन प्लग (आतलं पाणी काढायच्या भोकाचं बूच) काढा, पुढचा भाग वर उचला, किती पाणी निघतं ते बघा. कपभर निघालं तर चालतं. तांब्याभर निघालं तर शोधायला लागा. जागा तीनच: डेक-हलचा सांधा, डॅगरबोर्डचं घर, आणि डोलकाठी ज्यात उभी राहते ती नळी.

नळी आधी तपासा, कारण तिथली गळती सगळ्यांत महाग. होडी सपाट ठेवा, नळीत काठोकाठ पाणी भरा, पेन्सिलीने खूण करा, वर पाटी झाका म्हणजे उन्हाने उडणार नाही. सकाळी पातळी खाली गेली असेल तर नळीचा तळ फुटलाय. अशी होडी तशीच पाण्यात नेली तर भर वाऱ्यात काठी डेक फाडून बाहेर येते, आणि मग होडी भंगारात.

सांध्यासाठी साबणाचं पाणी ब्रशने लावा आणि ड्रेनच्या भोकातून हवा भरा. तोंडाने किंवा पायाच्या पंपाने, तेही हळू. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर लावू नका, त्याच्या दाबाने चांगला सांधाही उघडतो. हवा भरताना कॉकपिटच्या (बसायच्या खोलगट जागेच्या) पुढच्या भिंतीतलं छोटं श्वासाचं भोक बोटाने बंद ठेवायचं. आणि ते भोक एरवी मोकळं आहे का तेही बघा. कुणीतरी "गळतंय" म्हणून त्यावर एमसील लावलेलं सापडतं. भोक बंद, प्लग बंद, वर पत्र्याची शेड: आतली हवा तापून फुगते आणि सांध्यावर रोज ताण. म्हणून मुक्कामात ड्रेन उघडा, हॅचची झाकणं उघडी, भोकावर मच्छरदाणीचा तुकडा. नाहीतर आत गांधीलमाशा घर करतात.

उभा वारा
गेलकोटच्या चिरांचं काय? दोन ऑप्टिमिस्टच्या पुढच्या कोपऱ्यांना आणि एका एंटरप्राइझच्या तळाला आहेत.

रेझीनकाका
दुरुस्ती आत्ता, मे महिन्यातच. "उघडायच्या आधी बघू" म्हणजे पावसाळी दमट हवेत, आणि तेव्हा फायबर ओलावा धरून असतं. वर लावलेलं सुटून येतं. आत्ता हवा कोरडी आहे, हेच काय ते उन्हाळ्याचं सुख.

आधी चीर कुठली ते ठरवा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा, दाबल्यावर हलत नाहीत, तर ती फक्त गेलकोटची. रुपयाच्या नाण्याने आजूबाजूला टकटक करा: आवाज खणखणीत असेल तर फायबर शाबूत, बद्द आला तर आतले थर सुटलेत.

नुसता गेलकोट असेल तर चीर टोकदार खवणीने इंग्रजी व्हीच्या आकारात उकरा, ८० नंबरच्या कागदाने घासा, अॅसिटोनने पुसा, गेलकोट थोडा वर येईल असा भरा. उघड्या हवेत त्याचा वरचा थर चिकटच राहतो, म्हणून लगेच पारदर्शक टेप दाबून लावा. सुकल्यावर २२०, ४००, ८०० चा ओला कागद, मग पॉलिश.

थर सुटले असतील तर सुटलेलं सगळं काढून टाका. कडा उतरती घासायची: जाडीच्या बारापट रुंद. तीन मिलिमीटर जाडी असेल तर चारी बाजूंनी साडेतीन सेंटिमीटर उतार हवा. त्यावर ४५० ग्रॅमची चॉप मॅट (काचधाग्याच्या तुकड्यांची), तुकडे लहान-मोठे. मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीच पट पॉलिएस्टर रेझीन. मॅटला इपॉक्सी लावू नका; तिच्यातलं बांधणीचं द्रव्य पॉलिएस्टरमध्ये विरघळतं, इपॉक्सीत नाही, मॅट ताठच राहते आणि आत हवा अडकते.

मिश्रण: पहाटे सहाला करा. दुपारी बेचाळीस अंशांत डब्यातच गोठतं आणि धूर येतो. शंभर ग्रॅम रेझीनला एक मिली कॅटॅलिस्ट (रेझीन घट्ट करणारं द्रव्य), सिरिंजने मोजून. थंड गावातले लोक दोन मिली घालतात ते इथे नको. एका वेळी दोनशे ग्रॅमच्या वर कालवू नका आणि पसरट भांड्यात कालवा. दुकानदाराला विचारून घ्या की रेझीनमध्ये कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रव्य) आधीच आहे का. नसेल तर कोबाल्ट आधी रेझीनमध्ये पूर्ण ढवळा आणि मगच कॅटॅलिस्ट. कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट एकमेकांत थेट कधीही नाही, स्फोट होतो. दोन्हींच्या बाटल्या वेगवेगळ्या कपाटांत, मोजायच्या सिरिंजाही वेगळ्या. घासताना मास्क, पूर्ण बाह्या, आणि पोरं लांब.

टिलरताई
काका, पोरांकडून नाण्याची टकटक करून घ्यायला हरकत नाही ना? त्यांचे कान आपल्यापेक्षा बरे असतात.

रेझीनकाका
जरूर. खडूने गोल करायला सांगा. घासणं आपण करू.

इंजिनवाला
रेस्क्यू बोटीचं इंजिन. हे काम काढल्या दिवशीच सुरू करायचं.

दोनशे लिटरच्या ड्रममध्ये स्वच्छ पाणी, प्रोपेलर काढलेला, पाणी प्रोपेलरवरच्या आडव्या पट्टीच्या वर येईल इतकं. न्यूट्रलमध्ये मंद गतीवर दहा मिनिटं. मागच्या छोट्या भोकातून पाण्याची धार जोरात यायला हवी. धार लुळी असेल तर आधी भोकात बारीक तार घाला, गाळ अडकतो. तरी सुधारली नाही तर इम्पेलर (गार पाणी फिरवणारं रबरी चाक) गेला. उजनीच्या गाळात रबरी पाती लवकर झिजतात. तीन हंगाम झाले असतील तर न बघता बदला.

मग पेट्रोलचा पाइप काढा आणि इंजिन चालू ठेवा. बंद पडायच्या बेताला आलं की चोक देऊन...

उभा वारा
मध्येच बोलतो, पण टू-स्ट्रोक कोरडं पडेपर्यंत चालवू नये ना? तेल पेट्रोलमधूनच येतं.

इंजिनवाला
बरोबर अडवलंत. शेवटचं मिनिटभर मिश्रण पातळ होतं, तेल कमी पोचतं. म्हणून पूर्ण कोरडं करायचं नाही. गती पडायला लागली की किल कॉर्ड (इंजिन बंद करायची दोरी) ओढा आणि कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू सोडून उरलेलं पेट्रोल वाटीत काढा. ठेवायचं मात्र काहीच नाही. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे, ते हवेतली ओल ओढतं; चार महिन्यांत तळाला पाणी सुटतं आणि जेटमध्ये हिरवट-पांढरा थर धरतो. टाकीही रिकामी. तेल मिसळलेलं पेट्रोल मोटारसायकलला नको. डाळिंबवाल्यांच्या पाठीवरच्या टू-स्ट्रोक फवारणी पंपांना चालतं, प्रमाण सांगून द्या. आपलं ५०:१ आहे, म्हणजे लिटरला २० मिली.

मग स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये पाच मिली टू-स्ट्रोक तेल, किल कॉर्ड काढलेली ठेवून इंजिन सुरू करायची दोरी हळू पाच-सहा वेळा ओढा. प्लग परत हाताने बसवा.

गिअर तेल: खालचा स्क्रू आधी, मग वरचा. निघालेलं तेल काचेच्या बाटलीत घ्या. काळपट असेल तर ठीक. दुधाळ असेल तर सीलमधून पाणी जातंय, आणि इथे त्याचं कारण बहुतेक वेळा एकच: मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉन धागा. प्रोपेलरच्या मागे गुंडाळला जातो आणि दांड्याबरोबर फिरत सीलची कड कापतो. बाहेरून दिसत नाही. म्हणून प्रोपेलर काढलाच पाहिजे, धागा कापून काढा, दांड्याला ग्रीस. नवं तेल खालच्या भोकातून वर चढवा, वरच्या भोकातून आलं की वरचा स्क्रू आधी बंद, मग खालचा. वरून ओतलंत तर आत हवा राहते. वॉशर नवे.

ठेवताना उभं, लाकडी घोड्यावर. आडवं ठेवायची वेळ आलीच तर खालचं टोक इंजिनापेक्षा वर जाऊ देऊ नका, उरलेलं पाणी सिलिंडरकडे जातं.

भीमाकाठ
दुधाळ निघालं तर आपण सील बदलू शकतो का?

इंजिनवाला
नाही. मेकॅनिककडे द्या. सील काढायची ओढणी (पुलर) लागते, आणि सील उलटं बसलं तर नवंही गळतं. पण आत्ताच द्या. पाणी तसंच राहिलं तर पावसाळाभर बेअरिंग गंजतात आणि खर्च कितीतरी वाढतो.

टिलरताई
जॅकेटं राहिली. फोमची आहेत, म्हणून सोपं: दाबून बघा, फोम परत फुगत नसेल किंवा कुरकुर करून चुरा होत असेल तर बाद. शिवण ओढून बघा, बकलं लावून झटका द्या. नारिंगी रंग पांढुरका झाला असेल आणि कापड नखाने फाटत असेल तर ते उन्हाने मेलंय, फोम चांगला असला तरी बाद. बाद झालेलं कापून टाका. "सरावाला होईल" म्हणून ठेवलं की पुढच्या वर्षी कुणाच्या तरी अंगावर असतंच.

ऑप्टिमिस्टच्या हवेच्या पिशव्या: प्रत्येक होडीत तीन, साधारण ४५ लिटरच्या. रात्री फुगवा, सकाळी बघा. मऊ झाली असेल तर व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी. शेडमध्ये ठेवताना पाऊण हवा, गच्च नको.

चादरगल्ली
दोऱ्या उशीच्या जुन्या अभ्र्यात घालून, तोंड बांधून, भिजवून धुवा. गुंता होत नाही. मेनशीटची (मोठं शीड आवरायच्या दोरीची) टोकं उलटी करा म्हणजे झीज दुसरीकडे जाते. एंटरप्राइझच्या डोलकाठी धरणाऱ्या तारांवरून (स्टे) कापसाचा बोळा फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे तार तुटलीय. हाताचं बोट फिरवू नका, तार रक्त काढते. एकही तार तुटलेली दिसली तर ती स्टे बदलायची, जोडायची नाही.

आणि उंदीर-घुशी. शेडशेजारी धान्याचं गोडाऊन आहे. शिडं जमिनीवर ठेवलीत तर जूनमध्ये त्यात पिल्लं असतील. छताच्या अँगलला तारेने टांगा, तारेवर प्लॅस्टिकच्या बाटलीचं अर्ध नरसाळं घाला, उंदीर उतरत नाही. डांबराच्या गोळ्या शिडाच्या पिशवीशेजारी चालतील, पण जॅकेटच्या फोमवर किंवा हवेच्या पिशव्यांवर नको, प्लॅस्टिक मऊ पडतं.

उभा वारा
वाहतूक: छोटा हत्ती विसरा. १४ फुटी आयशर घ्या. आतली लांबी ४.२७ मीटर, लेझर ४.२३. जेमतेम मावते, म्हणून सुकाणूच्या पिनांवर चादर. एंटरप्राइझ ४.०४, ती आरामात. त्यांच्या डोलकाठ्या एकसंध, त्या केबिनवरून जातील, मागे लाल कापड. लेझर कडेवर उभ्या, दोन होड्यांमध्ये गादी. ऑप्टिमिस्ट पालथ्या, एकीवर एक तीनपेक्षा जास्त नको. पट्टा आवळताना हलचा पोटाचा भाग टाळा, गनेलवरून घ्या. रॅचेटला दोन खाचा कमी राहिल्या तरी चालेल, उन्हात तापलेलं फायबर दबतं आणि खळगा कायमचा राहतो.

शेडमध्येही हेच. दोन अरुंद फळ्यांवर लेझर ठेवली की पत्र्याखालच्या उष्णतेने महिनाभरात तळाला फळीचा ठसा. गनेलवर पालथी, रुंद गाद्यांवर, नाहीतर ट्रॉलीवर, पण ट्रॉलीचा आधार हलच्या आकाराचा हवा.

भीमाकाठ
गळका कोपरा इंजिन आणि होड्यांपासून लांब ठेवतो, तिथे फक्त कन्व्हेअरचे तुकडे आणि होड्यांचे नांगर. काठीच्या नळीची तपासणी काढायच्या दिवशीच संध्याकाळी, रेझीनकाका आणि उभा वारा. इंजिनवाल्यांनी ड्रम आणायचा. तुटफुटीची यादी होडीच्या नंबरप्रमाणे वहीत, सुटे भाग जूनमध्येच मागवू, बाहेरून यायला वेळ लागतो.

सप्टेंबरमध्ये होड्या परत नेताना पातळी चढलेली असली तरी धरणातून विसर्ग चालू असेल तर थांबायचं. वरून पुण्याकडच्या धरणांचं पाणीही येत असतं, ओढ असते आणि झाडं वाहून येतात. गढूळपणा बसेपर्यंत उतरायचं नाही.

एकच राहिलं: चार ड्रेन प्लग काढून ठेवायचे कुठे?

रेझीनकाका
त्याच होडीच्या टिलरला (सुकाणूच्या दांड्याला) सुतळीने बांधा. डब्यात नको, खिशात तर नकोच. आणि रबरी वॉशर प्लगवरून काढून वेगळा, नाहीतर उष्णतेने चिकटून बसतो.